शंभर नंबरी कथील

अण्णा तांबटांकडून भांड्यांना कल्हई करून घ्यायची म्हणजे घरच्या बाईला अर्धा दिवस मोकळा काढावा लागे. भोरच्या पेठेत त्यांचं स्वतःचं दुकान होतं, भट्टी होती, तरी कल्हईला ते भांडं कधी घरी नेत नसत. "डोळ्यांआड कल्हई न्हाई" हा त्यांचा कायदा. ज्याच्या त्याच्या दारात खड्डा खणायचा, भाता बसवायचा, कोळसे फुलवायचे आणि मग घरच्या बाईला पाट देऊन समोर बसवायचं. मग खिशातून कथलाची कांडी निघे. ती बाईच्या कानापाशी धरून अण्णा हळूच वाकवीत. शुद्ध कथील वाकवलं की बारीक कुरकुरतं, दाताखाली शेव मोडावी तसं. शिसं मिसळलेलं असलं की मुकं राहतं. "आइकलं न्हवं वैनी?" असं विचारून वहिनींनी मान डोलावल्याशिवाय कांडी तापल्या भांड्याला लागत नसे. आमच्या घरातली तर वैतागून आधीच मान डोलवायची. मग अण्णा म्हणत, "अजून वाकवली न्हाई म्या," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत.

मी तेव्हा भोरच्या शाळेत मास्तर होतो आणि अण्णांच्या शेजारी राहत होतो. मधे एक भिंत. उजाडलं की पलीकडं ठोकाठोक सुरू व्हायची ती जेवणापर्यंत. पहिल्याच महिन्यात मी तावातावानं भांडायला गेलो. माझा स्वभाव तेव्हाही तापटच. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आवाज भिंतीच्या कोणत्या अंगाला जास्त येतो? म्हटलं, चुलीकडच्या. ते उठून आमच्या घरात आले, बोटाच्या पेरानं भिंत वाजवत वाजवत गेले, एका जागी थांबले आणि म्हणाले की इथं आत पोकळ आहे, बुजवून घ्या, जनावर राहील. भांडण तिथंच राहिलं. पुढं गवंडी आला तेव्हा बरोबर त्याच जागी हातभर पोकळी निघाली.

माणूस बुटका, खांदे रुंद, आणि डावा कान नेहमी जरा पुढं. बोलणाऱ्याकडं ते बघत नसत, कान देत. कलिंगड, रुपया, मडकं, माझी शाळेतली नवी घंटा, सगळं वाजवून बघायचे. एकदा त्यांच्याच भावकीतल्या लग्नात जेवणाच्या मोठ्या पातेल्यांना दुसऱ्या कुणी कल्हई केली होती. अण्णांनी उरलेली कांडी उचलून कानाशी वाकवली, ती बोलली नाही. झालं! वऱ्हाड पंगतीला बसायच्या बेतात, आणि हे गृहस्थ भात दुसऱ्या भांड्यात काढायला लावून पातेली घासायला बसले. जेवणं दिवस कलल्यावर झाली. नवरदेवाचा बाप आयुष्यभर त्यांच्याशी बोलला नाही. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "इख खाऊ घालन्यापरास उपाशी बरी मान्सं," एवढंच म्हणाले.

अशा माणसाच्या दारात मोटार कुठून आली, तर ती वकीलसाहेबांची. आमच्या पेठेतले एक बडे वकील, त्यांनी फार वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेली. उंच चाकांची, लाकडी आऱ्यांची, आणि नाकापासून दिव्यांपर्यंत नुसती पितळच पितळ. ते पितळ बघून अण्णा जे वेडे झाले ते झालेच. दर शनिवारी चिंच आणि राख घेऊन जायचे आणि न सांगता पितळ घासायचे. वकीलसाहेब वारले, वकीलीणबाई पुण्याला लेकाकडं निघाल्या, तेव्हा त्यांनी अण्णांना बोलावलं आणि सांगितलं, ही तुम्हीच न्या, हिला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला पाहवणार नाही. अण्णांनी बैल जुंपून मोटार घरी ओढत आणली. मागच्या अंगणात छपराखाली ती कितीतरी वर्षं उभी होती. कोंबड्या आत बसायच्या, पण शनिवारचं पितळ घासणं चुकलं नाही.

आता काकूंचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी झालं. काकू म्हणजे अण्णांच्या मंडळी. तीस वर्षं त्यांनी भट्टीचा भाता ओढला. जिभेला धार, पण हात मोठा. एका सकाळी नीरेच्या घाटावर धुण्याचा पिळा घेऊन चढताना पाय घसरला आणि पाठीचा मणका गेला. तेव्हापासून चालणं संपलं. उशांना टेकून बसत, पण बैलगाडीचा एक धक्का बसला तरी डोळ्यांत पाणी येई. त्यांचं माहेर वेल्ह्याचं. तिथं तांबटांचं एकच घर, आणि त्या घरात काकूंची आई. म्हातारी आंधळी, अंथरुणाला टेकलेली, दर हंगामाला कुणाच्या तरी हाती निरोप धाडायची की एकदा येऊन जा. लेक अधू झालीय हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. काकूंनी शपथ घातली होती. दर वेळी काहीतरी सबब जायची: कामं आहेत, सण आहे, पाऊस आहे. त्या साली निरोप आला तो असा: आता हा पावसाळा मी बघत नाही.

मी सुचवलं, पुण्याहून भाड्याची मोटार आणू. चौकशी केली तर मोटारवाल्यानं नसरापूरच्या पुढचा रस्ता ऐकूनच नकार दिला. तिथं नुसती गाडीवाट, धोंडे गुडघ्याएवढे. डोलीनं नेऊ म्हटलं तर काकू उसळल्या. अण्णांनीच मग छपराकडं बघितलं. वकीलसाहेबांची मोटार उंच, ती धोंड्यांवरून जाईल. काकू मोटारीतच बसून राहतील, आईला बाहेर आणून त्यांच्याजवळ बसवायचं. "लेक मोटारीतनं उतरंना, मिजास आली म्हनंल," काकू म्हणाल्या, "म्हनू दे." आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

होळी होऊन गेली होती. वकीलसाहेबांचा जुना ड्रायव्हर गणपा किकवीला शेती करायचा, त्याला बोलावून आणलं. त्यानं दोन दिवस खटपट करून मोटार चालू केली, पण आतून ठोके पडायला लागले, उखळात मुसळ आपटावं तसे. म्हणून पुण्याहून करीम मिस्त्रीला आणवलं. मिस्त्री उंचापुरा, कपड्याला डाग नाही, बोलणं मोजकं. त्यानं इंजिन फक्त ऐकलं. अण्णांसारखाच, कान पुढं करून! मला वाटलं या दोघांचं जमणार. मिस्त्री म्हणाला, दांडे जिथं फिरतात तिथं आत धातूचं अस्तर असतं, ते झिजलंय. नवं ओतून चरकावर फिरवून गोल कातावं लागेल. इंजिन उतरवून पुण्याला पाठवा, वैशाख संपायच्या आत परत देतो.

अण्णांनी विचारलं, "म्या बसलो तर चालंल का तिथं? काम हुईपत्तूर?"

मिस्त्री म्हणाला, माझ्या कारखान्यात गिऱ्हाइकाला बसायला जागा नाही आणि माझं काम मी कुणाला दाखवत नाही. त्यात त्यानं पाना ठेवला तो नेमका पितळी दिव्याच्या काचेशेजारी, घासलेल्या पितळेवर. बारीक ओरखडा उठला. अण्णांनी उपरण्यानं तो पुसला, जणू पुसून जाणार होता. मिस्त्रीला जेवू घातलं, मानानं रवाना केलं, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

मला म्हणाले, गणपानं तेल काढलं त्यात अस्तराचा तुकडा पाहिला, धातू कथलाच्या जातीचा आहे, ओतणं तर आपला रोजचा धंदा. पण मोटार म्हणजे मोटार. शिकलेल्या माणसाचं काम शिकलेल्यानं करावं, असंही मन म्हणतं. "मास्तर, तुमचं काय म्हननं?"

मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्रीचा तोरा मात्र मला खुपला होता. मी ऐटीत सांगून टाकलं, "अण्णा, तुमच्या हातापुढं तो कोण लागून गेला?" त्यांचा चेहरा उजळला. ती माझी जीभ आज आठवली की चावावीशी वाटते.

दुसऱ्याच दिवशी काम निघालं. दारात, उजेडात. काकूंची बाज उंबऱ्यापाशी आणली, कारण मोटार त्यांच्यासाठी, तेव्हा बघणार त्या. गणपानं दांडे उतरवून दिले. अण्णांनी जुनं अस्तर पटाशीनं सोडवलं, एक पट्टी चिमट्यात धरून कानाशी नेली आणि वाकवली. ती वाकलीच नाही, कट्‌कन मोडली. अण्णा उठून माझ्याकडं आले आणि दुसरी पट्टी माझ्या कानाशी मोडली. "आइका. मुकं. एक सबूद न्हाई. इलायतेतबी लबाड्या चालत्यात बगा." त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त आनंद झाला होता. रोग सापडला होता ना! भेसळीचं कथील, म्हणून झिजलं. शंभर नंबरी घातलं की मोटार पन्नास वर्षं हलणार नाही, असं त्यांनी सगळ्या पेठेला सांगितलं, आणि आम्ही माना डोलावल्या. आम्हाला ते पटलंच होतं. भोरात अण्णांइतकं कथील कुणाला कळत होतं?

घरात होतं त्यातलं निवडक कथील त्यांनी काढलं. ओतण्याआधी कांडी काकूंच्या कानापाशी वाकवली आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "आइकलं न्हवं?"

"तीस वर्सं आइकतीया," काकू म्हणाल्या.

मग कथील धरावं म्हणून नवसागर लावून, तापवून, अण्णांनी ते अस्तर ओतलं. असं काम मी पुन्हा पाहिलं नाही. आतला गोल त्यांनी तेल-काजळी लावून, दांडा बसवून, काढून, जिथं काळं उमटलं तिथं पात्यानं केसभर खरवडून, पुन्हा बसवून, असा जुळवत आणला. चरक नव्हता, नुसती बोटं. पंधरा दिवस ते नीट जेवले नाहीत. पेठेतले लोक येऊन बघत, पण अण्णांचं लक्ष फक्त बाजेकडं. काकूंनी मान डोलावली की पुढचा दांडा.

मोटार चालू झाली तेव्हा ठोका म्हणून उरला नव्हता. एवढी मऊ चालली की गणपा म्हणाला, साहेबांच्या वेळीसुद्धा अशी नव्हती. पुलापर्यंत नेऊन आणली. अण्णा इंजिनाला कान लावून उभे होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. मिस्त्रीला पत्र घालून कळवावं असं मीच म्हणालो. मला कोण तोरा! अण्णांनी घालू दिलं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणाले.

वैशाखातल्या एका सकाळी निघालो. गणपा चाकावर, शेजारी अण्णा, मागं उशांच्या ढिगात काकू, आणि त्यांच्या बाजूला पाण्याची घागर धरून मी. काकूंनी लुगडं नवं नेसलं होतं. आईला द्यायला मांडीवर डबा, डब्यात बिनदाताच्या माणसाला खाता येतील असे मऊ लाडू. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. गाडीवाट लागली तशी मोटार धोंड्यांवरून होडीसारखी डुलायला लागली, पण काकू हूं की चूं करीत नव्हत्या. समोर तोरणा दिसायला लागला आणि त्या एकेक खूण सांगू लागल्या: हा ओढा, तो आंबा, इथं मामाचं रान. अण्णा मागं वळून ऐकत होते. त्यांना त्या खुणा पाठ असणार, तरी नव्यानं ऐकत होते.

पहिला मोठा चढ लागला. अर्ध्यावर एक ठोका पडला. अगदी हलका, मला तर कळलाही नाही. अण्णांचा चेहरा मात्र बदलला. मग दुसरा, मग तिसरा, आणि चढ संपायच्या आत सगळं इंजिन हातोड्यांनी कुटल्यासारखं वाजायला लागलं. गणपा ओरडला की बंद करतो. अण्णा म्हणाले, "थोडं जाऊ द्या, थोडं." थोडं गेलं, आणि मोटार एक मोठा आवाज करून जी थांबली ती थांबलीच.

गणपानं खालची झाकणी उघडली. तेलात कथलाचे चकचकीत पापुद्रे तरंगत होते, दुधावरच्या सायीसारखे. अण्णांनी ते हातात घेतले. 

जवळच्या वाडीतले चार धनगर धावून आले. भले लोक. बांबू आणि घोंगडी आणून त्यांनी घटकाभरात डोली बांधली आणि म्हणाले, सांगाल तिकडं नेतो, वेल्हे म्हणा की नसरापूर. नसरापुरात भोरची सर्व्हिस मोटार मिळाली असती. अण्णांनी काकूंपुढं हात जोडले. मी त्यांना कुणापुढं हात जोडताना एकदाच पाहिलं, ते तेव्हा.

"चल फुडं. डोलीतनंच चल. आई वाट बघती."

"ती हातानं चाचपून बघंल," काकू म्हणाल्या. "बांबू लागंल हाताला. माझी लेक डोलीतनं आली, ह्येच घिऊन मरंल ती. न्हाई. माघारी चला."

कडेच्या जाळीत करवंदं पिकली होती. काकूंनी ती मागितली. अण्णांनी काट्यांत हात घालून ओंजळभर तोडली, काकूंनी दोन खाल्ली आणि बाकीची पदरात बांधली. माहेरच्या अंगाची आहेत म्हणाल्या. लाडवांचा डबा धनगरांपैकी एकाजवळ दिला, वेल्ह्याला पोचवायला. त्याच्याबरोबर निरोप दिला की यंदा कामं फार आहेत, दिवाळीला येते. मग डोली नसरापूरच्या वाटेला लागली. डोलीमागून अण्णा चालत होते आणि मी त्यांच्या मागून. मला त्यांच्या बरोबरीनं चालायची लाज वाटत होती.

म्हातारी श्रावणात गेली. ओढ्यांना पाणी असल्यानं कळायलाही आठवडा लागला. काकूंनी बाजेवरच अंघोळ केली आणि म्हणाल्या, "लाडू खाल्लं आसंल तिनं." अण्णांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोटार बैल लावून परत आणली होती. दसऱ्याच्या सुमारास करीम मिस्त्री कुठल्याशा कामाला भोरला आला आणि त्याच्या कानावर गेलं असावं म्हणून आपण होऊन दारात आला. त्यानं तेलातला एक पापुद्रा उचलला, कानाशी नेला आणि वाकवला. बारीक कुरकुर झाली. मिस्त्रीनं, अण्णांनी आणि मी, तिघांनीही ऐकली.

मिस्त्री हसला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. खाली बसून त्यानं शांतपणे सांगितलं की निव्वळ कथील तिथं चालत नाही. भार पडला, तापलं, की मेणासारखं दबतं. त्यात थोडं तांबं आणि आणखी एक कडक धातू मोजून घालावा लागतो, मगच ते टिकतं. ते जुनं अस्तर तसंच होतं, आणि म्हणून तर ते वीस वर्षं चाललं.

भोवती सगळीकडं तांबंच होतं. हंडे, घागरी, बंब, पत्रे. अण्णांनी त्या सगळ्यावरून एकदा नजर फिरवली.

"म्हंजे भेसळ केली असती तर चालली असती," ते म्हणाले.

"भेसळ नव्हे, अण्णा. तसंच बनवायचं असतं ते."

"तवा का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही," मिस्त्री म्हणाला. मग म्हणाला, "आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. पोटाचा धंदा आहे."

अण्णांनी मान डोलावली. मिस्त्रीनं पुन्हा सांगितलं, आता पाठवा इंजिन, मी करून देतो, काही देऊ नका. अण्णा म्हणाले, "आता कुठं जायचंय?"

पुढं लढाई सुरू झाली. जुन्या लोखंडाला माणसं गावोगाव फिरायला लागली, त्यांनी मोटार तुकडे करून नेली. पितळ अण्णांनी काढून ठेवलं असेल असं मला वाटलं होतं, पण तेही गेलं. शनिवारी ते छपराखाली जाईनासे झाले होते, ते आधीच. काकू त्या दसऱ्यानंतरच्या थंडीतच गेल्या होत्या. भाता ओढायला कुणी उरलं नाही, तेव्हा अण्णा एका हातानं भाता ओढायचे आणि एका हातानं भांडं फिरवायचे.

माझी बदली झाली तेव्हा सामान बांधायच्या आधी आमच्या घरातलीनं दोन पातेली काढली. नव्या गावात कोण कसा कल्हईवाला मिळेल, अण्णांकडून करून घेऊ म्हणाली. अण्णा आले, दारात खड्डा खणला, कोळसे फुलवले. ही आपण होऊन पाट घेऊन समोर बसली. इतकी वर्षं कटकट करणारी बाई, त्या दिवशी कान पुढं करून बसली. अण्णांनी पातेलं तापवलं, नवसागर टाकला, धूर झाला. खिशातून कांडी काढली, पण तिच्या कानापाशी नेली नाही. हातात धरून तसेच बसून राहिले. पातेलं तापून लाल व्हायला आलं.

मी म्हटलं, "अण्णा, भांडं जळतंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कान दिला नाही, बघितलं.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "शुद्धच घालू न्हवं?"